कोंबडीचा डोळा पुन्हा पुन्हा का सुजतो: तपासणी, उपचार आणि खुराड्यातली दुरुस्ती

पावसाळा लागला की मुंबईत गोराई-मनोरीपासून आरेच्या पाड्यांपर्यंत, जिथे जिथे दारात चार गावठी कोंबड्या आहेत, तिथे एकच तक्रार ऐकू येते. एका कोंबडीचा डोळा सुजला, पाणी यायला लागलं, मेडिकलमधून ड्रॉप आणून घातले, चार दिवसांत सूज उतरली. पंधरा दिवसांनी तीच कोंबडी पुन्हा डोळा मिटून कोपऱ्यात बसलेली, आणि आता तिच्या जोडीला दुसरीही. मग ड्रॉप बदलतात, पाण्यातली पुडी बदलते, पण चक्र थांबत नाही.

ड्रॉप डोळ्यातले जंतू मारतात. खुराड्यातली हवा, कळपात दबून राहिलेला रोग आणि खाण्यातली उणीव मात्र तशीच राहते, म्हणून डोळा परत सुजतो. उपचार दोन्हीकडे एकाच वेळी व्हायला हवेत.

आधी डोळे मोजा

किती कोंबड्या, प्रत्येकीचा एक डोळा की दोन्ही, आणि शिंका किंवा घरघर आहे का, एवढ्या तीन प्रश्नांवर अर्धं निदान होतं.

एकाच कोंबडीचा एकच डोळा बिघडला असेल आणि नाक कोरडं असेल, तर आधी इजेचा विचार करा. जागा कमी पडली की कोंबड्या भांडतात आणि चोच सरळ डोळ्याला लागते. तुसाचा किंवा भुशाचा कण पापणीखाली अडकूनही असंच होतं. बॅटरीच्या उजेडात बुबुळावर ओरखडा, पांढरा ठिपका किंवा रक्त दिसतंय का बघा. एक लक्षात असू द्या: कोंबडीला तिसरी पापणी असते. ती नाकाकडच्या कोपऱ्यातून पांढरट पडद्यासारखी आडवी सरकते. ती पू नाही, तिला ओढायचं नाही.

पुष्कळ कोंबड्यांचे दोन्ही डोळे एकाच आठवड्यात लाल झाले, पाणावले, उजेडात त्या डोळे मिटून बसतात, पंखावर डोकं घासतात, पण शिंका नाहीत, तर तो बहुधा अमोनिया आहे. त्याबद्दल पुढे सविस्तर.

डोळ्यांसोबत शिंका, नाकाला पाणी, घशात घरघर असेल तर श्वसनाचा संसर्ग. त्यात दोन नेहमीचे. डोळ्याच्या कोपऱ्यात साबणासारखे बारीक बुडबुडे, रोग हळूहळू पसरतोय, कोंबडी खातेपिते पण वजन धरत नाही, असं असेल तर मायकोप्लाझ्मा, म्हणजे आपल्याकडे ज्याला सीआरडी म्हणतात तो. याउलट एक ते तीन दिवसांत डोळ्याखालचा भाग टम्म सुजतो, डोळा चेहऱ्यात बुडाल्यासारखा होतो, नाकातून चिकट आणि घाण वासाचा स्राव येतो, तर कोरायझा. तोंडाजवळ नाक नेलं की तो वास कळतो. कोरायझात अंडी १० ते ४० टक्क्यांनी घटतात. दोन्ही रोग एकत्रही असतात, आणि मग आजार फार लांबतो.

पापणीवर, तुऱ्यावर, चोचीखालच्या लोंबत्या लाल कातड्यावर मसासारखे फोड आणि काळपट खपल्या असतील तर ती देवी. डास चावून पसरते, म्हणून पावसाळ्याच्या उत्तरार्धात आणि नंतर जास्त दिसते. खपल्यांमुळे पापण्या चिकटतात आणि डोळा बंद होतो. विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही. तीन-चार आठवड्यांत खपल्या आपोआप गळतात. तोवर कोंबडीला जगवणं हेच काम असतं.

दोन कारणं सहज सुटतात. डोळा सुजलेला नाही, पाणी नाही, पण बाहुलीभोवतीचा रंगीत भाग राखाडी पडलाय आणि बाहुली वेडीवाकडी झालीय, तर मरेक्स या विषाणूच्या रोगाची शंका. यावर औषध नाही, लस असते ती पिल्लू अंड्यातून निघाल्यावर पहिल्याच दिवशी. दुसरं म्हणजे डोळ्यातला जंत. कोंबडी नखाने सारखा डोळा खाजवते आणि तिसऱ्या पापणीखाली सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरचे पांढरे धागे हलताना दिसतात. ओल्या मातीत, कुंड्यांखाली आणि कंपोस्टमध्ये राहणारं एक झुरळ खाल्ल्याने तो होतो. हे जंत पशुवैद्यच डोळा बधिर करून काढतात.

लासोटाची, म्हणजे मानमोडीवरची (रानीखेत) लस डोळ्यात थेंब टाकून दिली असेल तर पुढचे तीन ते पाच दिवस थोडं पाणी, एखाददुसरी शिंक हे अपेक्षितच असतं. त्यासाठी अँटिबायोटिक सुरू करू नका.

डोळा धुणं

बहुतेक घरी इथेच चूक होते. मिटलेल्या पापणीवरच ड्रॉप टाकला जातो, आणि आत साचलेल्या पुवामुळे तो बुबुळापर्यंत पोचतच नाही. कोंबडीचा पू आपल्यासारखा पातळ नसतो. पक्ष्यांच्या पांढऱ्या पेशींत पू विरघळवणारी काही रसायनं नसतात, त्यामुळे तो पनीरच्या तुकड्यासारखा घट्ट गोळा होऊन पापणीखाली बसतो. तो वाहून जात नाही, काढावा लागतो.

लागणाऱ्या वस्तू: मेडिकलमध्ये मिळणारी ०.९ टक्के नॉर्मल सलाइनची बाटली, सुई काढलेली ५ किंवा १० मिलीची सिरिंज, निर्जंतुक गॉज, जुना टॉवेल, हातमोजे. सलाइन नसेल तर अर्धा लिटर पाणी उकळून त्यात साडेचार ग्रॅम, म्हणजे सपाट पाऊण चमचा साधं मीठ घालून कोमट होऊ द्या. हे पाणी त्याच दिवशी वापरा. कापसाचे तंतू डोळ्यात राहतात, म्हणून गॉज बरं.

कोंबडीला पंखांसकट टॉवेलमध्ये गुंडाळून मांडीवर घ्या, डोकं मोकळं ठेवा. छाती आवळू नका. तिला श्वास घ्यायला छातीचं हाड हलावं लागतं, आवळून धरलेली आजारी कोंबडी हातात मरू शकते. कोमट सलाइनमध्ये भिजवलेलं गॉज मिटलेल्या डोळ्यावर पाच ते दहा मिनिटं ठेवा, गार झालं की बदला. ही पाच मिनिटं वाचवायला जाऊन पापणी फाटते. चिकटलेलं सुटलं की पापण्या दोन बोटांनी हलकेच उघडा, आणि सिरिंजने नाकाकडच्या कोपऱ्यातून बाहेरच्या दिशेला सलाइनची धार सोडा. जोर नको. घट्ट गोळा दिसला तर खालच्या पापणीच्या खालून बोटाने वर दाबत तो काठाशी आणा आणि ओल्या गॉजने टिपून घ्या. एकदम सुटत नसेल तर संध्याकाळी पुन्हा. चिमट्याने ओढलं तर बुबुळाचा वरचा थर त्याच्याबरोबर निघतो आणि कायमचं फूल पडतं.

नंतर डोळ्याचं अँटिबायोटिक मलम (कोणतं टाळायचं ते पुढे आहे): तांदळाच्या दाण्याएवढं, खालच्या पापणीच्या आत, मग पापणी मिटून धरा. पहिले तीन दिवस दिवसातून तीनदा, पुढे दोनदा, आणि डोळा चांगला दिसायला लागल्यावरही दोन दिवस जास्त. ४८ तासांत काहीच फरक नसेल, बुबुळ निळसर-पांढरं होत असेल, किंवा डोळ्याखालची सूज दगडासारखी कडक असेल तर घरी थांबू नका. ती सूज म्हणजे डोळ्याखालच्या पोकळीत भरलेला घट्ट पू. तो पशुवैद्य छेद देऊन काढतात. ब्लेडने घरी कापायचा प्रयत्न करू नका, तिथून रक्तस्राव भरपूर होतो.

देवीच्या खपल्या कधीच उपटू नका. ओल्या गॉजने मऊ करून पापणी उघडी राहील एवढंच बघा. खपल्यांवर पोव्हिडोन आयोडीन लावायचं तर डोळ्यापासून लांब, गॉजच्या टोकाने. रॉकेल, हळद, तुरटी, चुना यांपैकी काहीही डोळ्यात नको. हळद अंगावरच्या जखमेवर ठीक, पण तिचा खरखरीत कण बुबुळ घासतो.

मेडिकलमधलं औषध घेताना

घरातल्या औषधाच्या डब्यात पडलेलं मलम बहुतेक वेळा क्लोरॅम्फेनिकॉलचं असतं. अंडी किंवा मांस खाल्लं जाणाऱ्या प्राण्यांना ते द्यायला मनाई आहे, आणि कारण गंभीर आहे: काही माणसांत त्याच्या अगदी थोड्या अंशानेही अस्थिमज्जा बंद पडू शकते. ते कोंबडीला वापरू नका.

दुसरी चूक स्टेरॉइडची. लाल डोळ्यासाठी मिळणाऱ्या अनेक ड्रॉपमध्ये अँटिबायोटिकसोबत डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन किंवा बीटामेथासोन असतं. लाली झटकन उतरते, म्हणून औषध लागू पडलं असं वाटतं. पण बुबुळावर जखम असेल तर ती खोल जाते, आणि देवीत हे फारच वाईट. चार दिवसांत बरा आणि पंधरा दिवसांत परत, या चक्रामागे कित्येकदा हेच असतं. बाटलीवर दोन औषधांची नावं असतील तर दुसरं नाव वाचल्याशिवाय थेंब टाकू नका.

श्वसनाच्या संसर्गात नुसतं मलम पुरत नाही, पोटातून औषध लागतं. मायकोप्लाझ्मासाठी टायलोसिन साधारण लिटरला अर्धा ग्रॅम मूळ औषध या हिशेबाने ३ ते ५ दिवस देतात, किंवा डॉक्सिसायक्लिन. पुडीचं वजन आणि तिच्यातलं मूळ औषध यांत फरक असतो, तेव्हा मात्रा पशुवैद्याकडूनच घ्या. पाणी रोज ताजं करा आणि त्या काळात दुसरं पाणी समोर ठेवू नका. गळक्या नळाखालचं डबकं असेल तर औषधी पाणी कोणी पीत नाही. कोंबडी दिवसाला साधारण २०० ते २५० मिली पाणी पिते, पण आजारी कोंबडी त्याच्या अर्धंही पीत नाही. जास्त आजारी असलेलीला औषध थेट तोंडावाटे द्यावं लागतं, तेव्हा डॉक्टरांना हे सांगा. डॉक्सिसायक्लिन किंवा ऑक्सिटेट्रासायक्लिन चालू असताना शिंपल्याचा चुरा बाजूला ठेवा, कारण कॅल्शियम त्या औषधाला बांधून टाकतं.

औषध चालू असताना आणि डॉक्टर सांगतील तेवढे दिवस नंतर त्या कोंबड्यांची अंडी खायची नाहीत, शेजारी वाटायची नाहीत.

दोन्ही डोळे मिटलेली कोंबडी रोगाने मरण्याआधी उपाशी मरते. तिला दाणे दिसत नाहीत, आणि बाकीच्या तिला ढकलतात. तिला खोक्यात वेगळी ठेवा, खाद्य कोमट पाण्यात कालवून वाटीत द्या, चोच हलकेच वाटीत टेकवा. वाटी आणि पाणी रोज एकाच जागी ठेवलं की ती दोन दिवसांत जागा ओळखते. रात्री गळ्याखालची अन्नाची पिशवी चाचपून बघा; रिकामी असेल तर हाताने भरवा. हे काम कंटाळवाणं आहे, पण कोंबडी वाचते ती बहुधा यामुळेच.

अमोनिया: मुंबईच्या पावसाळ्याचा खास त्रास

मुंबईत पाऊस आडवा येतो. म्हणून जूनच्या पहिल्या आठवड्यात खुराड्याला चारी बाजूंनी निळी ताडपत्री बांधली जाते आणि ती दसऱ्यापर्यंत सुटत नाही. आत ओली विष्ठा, ऊब आणि बंद हवा. विष्ठेतल्या युरिक आम्लाचं जंतू अमोनियात रूपांतर करतात. ओल आणि उष्णता असली की हे झपाट्याने होतं. हवेतलं प्रमाण २५ पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत २५ भाग) पुढे जाऊ नये. ५० च्या वर दिवसेंदिवस राहिलं की बुबुळाचा वरचा थर भाजतो आणि त्यावर जंतू सहज बसतात. नाकातले बारीक केसही काम सोडतात, म्हणून शिंकांचे रोगही याच काळात वर येतात.

तपासायची वेळ पहाटेची, खुराडं उघडण्याआधी. कोंबडी बसते त्या उंचीवर उकिडवं बसून नाक न्या. उभ्याने वास येत नाही, आणि रोज तिथे वावरणाऱ्या माणसाच्या नाकाला तर तो येईनासा होतो. घरातल्या दुसऱ्या कोणाला बोलवा. डोळे चुरचुरले तर कोंबडीचे रात्रभर जळत आहेत.

दुरुस्ती अशी. वाऱ्या-पावसाची बाजू झाकलेली राहू द्या, समोरच्या बाजूची ताडपत्री छपरापासून वीतभर खाली उतरवा, म्हणजे गरम हवा वरून बाहेर पडेल. छप्पर पुढे दीड-दोन फूट काढलं तर झाप न लावताही पाणी आत येत नाही. तळ जमिनीपासून फूटभर वर उचला. खाली अंथरायला भाताचं तूस किंवा रंध्याचे जाडसर छिलके, दोन-तीन इंच. लाकूड कापणाऱ्या यंत्राचा पिठासारखा भुसा आणू नका, तो स्वतःच डोळ्यात जातो. रोज सकाळी अंथरूण उलटंपालटं करा आणि मूठभर घेऊन दाबा: लाडू वळला तर ओलं आहे, ते काढून टाका, मूठ उघडल्यावर सुटून पडलं तर ठीक. पाण्याचं भांडं खुराड्याच्या आत ठेवू नका, किंवा ठेवलंच तर विटेवर, कोंबडीच्या पाठीच्या उंचीला.

ओलीवर चुना भुरभुरण्याची पद्धत फार रूढ आहे आणि ती उलटते. चुन्याने विष्ठा अल्कधर्मी होते आणि अमोनिया आणखी सुटतो, वर त्याची पूड डोळे भाजते. चुना मारायचाच तर घाण पूर्ण काढून, कोंबड्या बाहेर ठेवून, लेप सुकल्यावरच त्यांना आत घ्या. ब्लीचही ओल्या विष्ठेवर ओतू नका, त्यातून माणसालाही घातक वायू निघतो. आधी खरवडणं, मग साबणपाणी, मग सुकवणं, आणि शेवटी एक भाग ब्लीच नऊ भाग पाण्यात. दहा मिनिटांनी धुऊन कडक ऊन.

डासांसाठी खुराड्यात कॉइल किंवा कडुलिंबाची धुरी कोंडू नका, धुराने तोच त्रास होतो. बारीक जाळी लावा आणि पिंपं झाका. देवीची लस साधारण सहा ते आठ आठवड्यांच्या वयात पंखाच्या पातळ कातड्यात टोचतात. पावसाआधी ती झाली पाहिजे.

कळपात लपलेली वाहक

हवा सुधारली, डोळे नीट धुतले, तरी दर दोन-तीन महिन्यांनी सीआरडी किंवा कोरायझा उठत असेल तर रोग तुमच्याच कोंबड्यांत मुक्कामाला आहे. दोन्ही रोगांत बरी झालेली कोंबडी वाहक राहते. थंडी, मुसळधार पाऊस, पिसं झडणं, नवी कोंबडी येणं, कसलाही ताण आला की ती पुन्हा जंतू सोडते. औषधाने लक्षणं दबतात, वाहकपणा जात नाही.

म्हणून आठवडी बाजारातून किंवा क्रॉफर्ड मार्केटमधून आणलेली तलंग, म्हणजे अंड्यावर येऊ घातलेली तरुण कोंबडी, तीस दिवस वेगळी, जमल्यास घराच्या दुसऱ्या बाजूला. तिचं काम शेवटी, तिची भांडी वेगळी. कबुतरं आणि कावळे खाद्यावर उतरू नयेत म्हणून वरून जाळी.

कळप बदलायचा असेल तर कोणता रोग आहे हे कळणं गरजेचं आहे, कारण इथे दोघांत मोठा फरक आहे. मायकोप्लाझ्मा अंड्यातून पिल्लात जातो, तेव्हा अशा कोंबडीची अंडी खुडूक कोंबडीखाली घालू नका. कोरायझा अंड्यातून जात नाही. ती अंडी दुसरीकडे उबवून पिल्लं जुन्या कोंबड्यांपासून लांब वाढवली तर नवा कळप स्वच्छ निघतो. शिवाय कोरायझाचा जंतू शरीराबाहेर दोन-तीन दिवसांपलीकडे फारसा टिकत नाही, त्यामुळे खुराडं धुऊन दोन-तीन आठवडे रिकामं ठेवणं पुरतं.

खाणं

फक्त कणी, शिळा भात आणि पाव यांवर वाढलेल्या कोंबड्यांत अ जीवनसत्त्व कमी पडतं. डोळ्यात घट्ट पांढरा पदार्थ साचतो, तोंडात आणि घशात पांढरे दाणे दिसतात, अंड्याचा बलक फिका असतो. शिंकांची साथ नसते. कोंबडीमागे रोज चिमूटभर नव्हे, चांगला मूठभर शेवग्याचा पाला, माठ किंवा पालक द्या. पिवळा मका, लाल भोपळा, पपई हेही चालतं. पांढऱ्या मक्यात आणि तांदळात हे जीवनसत्त्व नसतं. लेअर मॅश, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांचं तयार खाद्य, दमट हवेत लवकर उतरतो, तेव्हा तीन-चार आठवड्यांपुरताच घ्या आणि झाकणाच्या पिंपात ठेवा. बुरशीचा वास आलेलं खाद्य टाकूनच द्या, बुरशीचे कण डोळ्यातही रोग करतात.

हात न लावता कळवायचं तेव्हा

डोळे-डोकं सुजलंय, तुरा निळा-काळा पडलाय आणि एक-दोन दिवसांत एकामागून एक कोंबड्या मरतायत, किंवा आजूबाजूला कावळे मेलेले दिसतायत, तर बर्ड फ्लूची शक्यता धरा. देशातला पहिला उद्रेक २००६ मध्ये नंदुरबारच्या नवापुरात झाला. जानेवारी २०२१ मध्ये परभणीत तो कोंबड्यांत सापडला आणि मुंबईतल्या कावळ्यांतही. अशा वेळी डोळे धुऊ नका, कोंबडी कापू नका, विकू नका, मेलेली उघड्यावर टाकू नका. पशुसंवर्धन विभागाला १९६२ वर कळवा. हिरवी हगवण, मान पिळवटणं, लंगडणं यांसोबत डोळे सुजले असतील तर मानमोडी असू शकते, तीही कळवण्याजोगीच. मानमोडीच्या कोंबडीला हाताळून माणसाचेही डोळे येतात, म्हणून एरवीही कोणत्याही कोंबडीचे डोळे धुताना हातमोजे घाला, आणि नंतर साबणाने हात धुतल्याशिवाय स्वतःच्या डोळ्याला बोट लावू नका.

बाकी वेळी, एक कोंबडी मेली आणि कारण कळत नसेल, तर ती दुहेरी पिशवीत घालून बर्फात ठेवा, फ्रीझरमध्ये नको; गोठलेल्या ऊतींची तपासणी नीट होत नाही. काही तासांत परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात किंवा जवळच्या सरकारी पशुवैद्याकडे शवविच्छेदनासाठी न्या. जिवंत आजारी कोंबडी न्यायची असेल तर औषध सुरू करण्याआधी न्या, म्हणजे डोळ्यातला नमुना कामाचा राहतो. वेगळी ठेवलेली कोंबडी लक्षणं जाऊन दोन आठवडे झाल्यावर, संध्याकाळी अंधार पडताना परत दांडीवर बसवा. दिवसा सोडली तर बाकीच्या पुन्हा तिच्या डोळ्यावर चोच मारतात.